दोब्बियाको: डोलोमाइट्सच्या पायथ्याशी एकाच गावात राहून पाच दिवस कसे घालवावेत

इटलीच्या ईशान्य टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेपासून पंधरा किलोमीटरांच्या आत, पुस्तेरिया खोऱ्यात समुद्रसपाटीपासून सुमारे १,२५० मीटर उंचीवर दोब्बियाको हे छोटे गाव वसलेले आहे. डोलोमाइट्स या डोंगररांगेत जाणारे पुष्कळ प्रवासी व्हेनिसहून एका दिवसाच्या सहलीत ब्रायेसचे तळे आणि त्रे चिमे दि लावारेदो हे तीन सुळके पाहतात, छायाचित्रे काढतात आणि रात्री परततात. डोंगर असा पाहून होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. या खोऱ्यात खडक, पाणी, जुने युद्ध, संगीत आणि दोन भाषांचे लोकजीवन इतके जवळ नांदते की एका गावात मुक्काम ठोकला, गाडी भाड्याने न घेता आगगाडी, बस आणि स्वतःचे पाय यांवर भिस्त ठेवली आणि दिवसांचा क्रम विचारपूर्वक लावला, तर पाच दिवसांत हा प्रदेश बराचसा समजू लागतो.

महिना कोणता निवडावा

महाराष्ट्रातली कुटुंबे लांबचा प्रवास बहुधा मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत आखतात, आणि नेमके हे दोन्ही काळ इथे गैरसोयीचे आहेत. मे महिन्यात दोन हजार मीटरच्या वरच्या वाटांवर, विशेषतः उत्तरेकडच्या उतारांवर, बर्फ असतो. डोंगरातले निवारे, म्हणजे चालणाऱ्यांना जेवण आणि मुक्काम देणारी घरे, उघडलेले नसतात. आणि हिवाळी हंगाम संपून उन्हाळी हंगाम सुरू व्हायचा असल्यामुळे गावातली बरीच हॉटेलेही बंद असतात. दिवाळीपर्यंत निवारे पुन्हा बंद झालेले असतात आणि दिवस लहान होतात. उंचावरच्या वाटांचा खरा हंगाम जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत असतो. त्यातही ऑगस्टचा मध्य टाळावा, कारण १५ ऑगस्टच्या आसपास सारी इटली सुट्टीवर असते आणि हॉटेलांचे दर चढलेले असतात. रानफुलांनी भरलेली कुरणे पाहायची असतील तर जूनअखेर ते जुलैचा पहिला पंधरवडा, आणि स्वच्छ हवा, कमी गर्दी व दुपारच्या वादळांची कमी धास्ती हवी असेल तर सप्टेंबर निवडावा. मुलांच्या शाळांमुळे अडचण असलेल्यांनी गणपतीच्या सुट्टीला जोडून आठवडाभर काढता येतो का, हे पाहावे. हिवाळ्यात हे खोरे सपाटीवरच्या लांब पल्ल्याच्या स्कीइंगसाठी प्रसिद्ध आहे. पण तो वेगळा प्रवास आहे आणि त्याची तयारीही वेगळी.

व्हिसा, विमा आणि गावापर्यंतचा प्रवास

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरत असल्याने दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा बंधनकारक आहे. इथे एक गोष्ट काळजीपूर्वक पाहावी: पुष्कळशा स्वस्त विमापत्रांत डोंगरातली पदभ्रमंती किंवा हेलिकॉप्टरने केलेली सुटका वगळलेली असते. कलम वाचून, गरज पडल्यास जास्तीचा हप्ता भरून, डोंगरी बचावकार्याचा खर्च त्यात समाविष्ट करून घ्यावा.

दोब्बियाकोला पोहोचण्याचा मला सर्वांत सोयीचा वाटणारा मार्ग म्युनिकहून आहे. म्युनिकहून ब्रेनर खिंडीमार्गे इटलीत उतरणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीने फोर्तेत्सा स्थानकावर उतरावे आणि तिथून पुस्तेरिया खोऱ्याची लोकल गाडी धरावी. ती ब्रुनिकोवरून दोब्बियाकोला आणि पुढे सान कान्दिदोला जाते. व्हेरोनाहून येणाऱ्यांनाही फोर्तेत्सालाच गाडी बदलावी लागते. व्हेनिसहून यायचे असेल तर बसने कोर्तिना द'आम्पेत्सो आणि तिथून दुसऱ्या बसने दोब्बियाको, असा घाटाचा रस्ता आहे आणि तो फार देखणा आहे. खोऱ्याच्या रेल्वेमार्गावर अधूनमधून कामे चालू असतात, म्हणून निघण्यापूर्वी साउथ टायरॉल (जर्मनमध्ये स्युडटिरोल) या इथल्या प्रांताच्या 'स्युडटिरोल मोबिल' या वाहतूकसेवेच्या वेळापत्रकावर त्या दिवसाची स्थिती तपासावी.

वेळापत्रक शोधताना प्रत्येक ठिकाणाची दोन नावे ध्यानात ठेवावी लागतात. हा प्रदेश पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीत होता आणि आजही इथल्या बहुसंख्य लोकांची मातृभाषा जर्मन आहे, त्यामुळे पाट्या दोन्ही भाषांत असतात. दोब्बियाको म्हणजे तोब्लाख, सान कान्दिदो म्हणजे इनिखेन, ब्रायेसचे तळे म्हणजे प्राग्सर विल्डझे, फोर्तेत्सा म्हणजे फ्रान्त्सेन्सफेस्टे आणि त्रे चिमे म्हणजे द्राय त्सिनेन. ही पाच नावे वहीत टिपून ठेवली तर स्थानकावर गोंधळ होत नाही. दुकानात शिरताना 'ग्र्यूस गोट' असे जर्मन अभिवादन केले की समोरचा माणूस चटकन मोकळा होतो. इटालियन सर्वांना येते आणि पर्यटन व्यवसायातल्या बहुतेकांना इंग्रजीही.

मुक्काम निवडताना हॉटेलवाल्याला एक प्रश्न अवश्य विचारावा: पाहुण्यांसाठीचा प्रवासपास मिळतो का? साउथ टायरॉल प्रांतातली पुष्कळ हॉटेले आणि घरगुती निवासस्थाने आपल्या पाहुण्यांना असा पास देतात आणि त्यावर प्रांतातल्या बस व लोकल गाड्या मुक्कामभर विनामूल्य वापरता येतात. पाच दिवसांच्या प्रवासखर्चात याने मोठा फरक पडतो. त्रे चिमेपर्यंत जाणाऱ्या विशेष बससारख्या काही सेवांसाठी मात्र वेगळे आगाऊ तिकीट काढावे लागते.

पहिला दिवस: गाव, ग्रँड हॉटेल आणि तळे

पहिल्या दिवशी उंच चढू नये. प्रवासाचा शीण असतो, आणि दुसरे म्हणजे खोऱ्याची ठेवण आधी समजली तर वरून दिसणाऱ्या देखाव्याचा अर्थ लागतो. सकाळी सेंट जॉन द बाप्टिस्ट या अठराव्या शतकातल्या बरोक चर्चपासून सुरुवात करावी आणि जवळच्या हेर्ब्स्टेनबुर्ग गढीवरून एक फेरी मारावी. व्हेनिसशी चाललेल्या युद्धाच्या काळात सम्राट पहिला मॅक्झिमिलियन या गढीत राहिला होता. हा रस्ता व्हेनिस आणि जर्मन प्रदेश यांमधल्या व्यापाराचा होता, हे त्यावरून ध्यानात येते.

तिथून दक्षिणेकडे रेल्वेस्थानकाच्या बाजूला चालत जावे. पुस्तेरियाचा लोहमार्ग १८७१ मध्ये सुरू झाला आणि त्यापाठोपाठ १८७८ मध्ये रेल्वे कंपनीने इथे ग्रँड हॉटेल उघडले. व्हिएन्नाचे श्रीमंत लोक त्यानंतर उन्हाळा घालवायला इथे येऊ लागले. आज त्या भव्य इमारतीत सांस्कृतिक केंद्र, गुस्ताव मालर यांच्या नावाचे संगीत सभागृह, युवकांसाठीचे वसतिगृह आणि त्रे चिमे निसर्गउद्यानाचे माहितीकेंद्र आहे. माहितीकेंद्रात तासभर तरी द्यावा, कारण डोलोमाइट खडकाची जडणघडण तिथे समजून घेतली की पुढचे चार दिवस डोळे वेगळ्या तऱ्हेने पाहू लागतात. हा खडक लाव्हाचा नाही. उष्ण कटिबंधातल्या उथळ समुद्रात चुनखडीचे थर साचले, पुढे त्यांत मॅग्नेशियम मिसळले गेले आणि नंतर आफ्रिका व युरोप यांच्या भूखंडांच्या रेट्याने ते आकाशात उचलले गेले. २००९ मध्ये युनेस्कोने डोलोमाइट्सच्या नऊ डोंगरगटांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यामागे सौंदर्याइतकेच हे भूशास्त्रही आहे.

दुपारनंतर गावापासून सुमारे तीन किलोमीटरवर असलेल्या दोब्बियाकोच्या तळ्याला प्रदक्षिणा घालावी. वाट सपाट आहे, रमतगमत दीड तास पुरतो आणि लहान मुले व ज्येष्ठ मंडळींनाही ती सहज जमते. तळे उथळ असून त्याच्या टोकाला बोरूचे बेट आहे, जिथे स्थलांतर करणारे पक्षी विसाव्याला थांबतात.

परतताना गाव ज्या रुंद माळावर वसले आहे, त्याकडे नीट पाहावे. हा माळ जलविभाजक आहे. त्रे चिमेच्या पायथ्याशी उगम पावणारी रिएंत्सा नदी या तळ्यातून वाहत पश्चिमेला वळते, इसार्को आणि आदिजे या नद्यांना मिळून एड्रियाटिक समुद्राला जाते; आणि माळाच्या पूर्व टोकाशी उगम पावणारी द्रावा ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया व क्रोएशिया पार करून डॅन्यूबला मिळते, म्हणजे तिचे पाणी अखेर काळ्या समुद्रात पोहोचते. महाबळेश्वरी कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला निघते, तसाच हा प्रकार. फक्त इथे त्यासाठी डोंगरमाथा नाही, जवळजवळ सपाट कुरण आहे.

त्रे चिमेचा दिवस

हा दिवस तारखेने नव्हे, हवामानाने ठरवावा. पोहोचल्यावर लगेच प्रांताचा हवामान अंदाज पाहून पाचांपैकी सर्वांत निरभ्र सकाळ याच्यासाठी राखून ठेवावी आणि बाकीचे दिवस तिच्याभोवती फिरवावेत. अडचण अशी की दोब्बियाकोहून आउरोंझो निवाऱ्यापर्यंत जाणाऱ्या बसची जागा आगाऊ राखावी लागते आणि मिझुरिनाकडून वर जाणाऱ्या खासगी मोटारींसाठीही पथकर व आगाऊ नोंदणी आहे. सप्टेंबरमध्ये दोन-तीन दिवस आधी जागा मिळण्याची शक्यता बरी असते, जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ती फार आधी राखावी. ज्यांना चालण्याचा सराव आहे, त्यांच्यासाठी नोंदणीची कटकट नसलेला आणि माझ्या मते अधिक समाधान देणारा पर्याय पुढे दिला आहे.

नेहमीची प्रदक्षिणा आउरोंझो निवाऱ्यापासून, २,३२० मीटरवरून, सुरू होते. सकाळची पहिली शक्य ती बस घ्यावी. क्रमांक १०१ ची रुंद, जवळपास सपाट वाट सुळक्यांच्या दक्षिण अंगाने अर्ध्या तासात लावारेदो निवाऱ्यापर्यंत नेते. या बाजूने सुळके तुटक, ढासळलेले दिसतात, आणि पुष्कळांची इथे थोडी निराशा होते. मग शंभर-एक मीटरचा चढ चढून २,४५४ मीटरवरच्या लावारेदो खिंडीत पोहोचावे. खिंडीच्या पलीकडे चार पावले टाकली की उत्तरेकडच्या भिंती एकदम समोर उभ्या राहतात: मधला चिमा ग्रांदे २,९९९ मीटर, पश्चिमेचा २,९७३ मीटर आणि धाकटा २,८५७ मीटर. भिंतींवर नजर स्थिर करून पाहिले तर आडव्या रेघा दिसतात. भरती-ओहोटीच्या सपाट किनाऱ्यावर सुमारे बावीस कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेले ते थर आहेत. कुठे पिवळसर डाग दिसतो, तिथून तुलनेने अलीकडे खडक सुटून पडलेला असतो; राखाडी भाग जुना, ऊन-पावसाने रापलेला असतो. चिमा ग्रांदेचा माथा १८६९ मध्ये व्हिएन्नाचे पाउल ग्रोमान यांनी दोन स्थानिक वाटाड्यांसह गाठला, पण ही उत्तर भिंत चढायला १९३३ साल उजाडावे लागले. एमिलियो कोमिची आणि दिमाई बंधूंनी ती चढाई केली.

खिंडीतून लोकातेल्ली निवारा (२,४०५ मीटर) समोर दिसतो आणि तिथवर पाऊण तासात पोहोचता येते. इथे घाई करू नये. निवाऱ्याच्या मागे पातेर्नो हा टोकदार सुळका आहे. १९१८ पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली यांची सीमा याच डोंगरधारेवरून जात होती. मे १९१५ मध्ये युद्ध पेटताच हा निवारा तोफगोळ्यांनी जळून खाक झाला. तो चालवणारा सेस्तो गावचा नामांकित वाटाड्या सेप इनरकोफ्लर ४ जुलै १९१५ रोजी पातेर्नो परत घेण्याच्या प्रयत्नात त्याच सुळक्यावर मारला गेला. ज्या कड्यांवरून त्याने आयुष्यभर पाहुण्यांना सुखरूप नेले होते, त्याच कड्यावर त्याला मरण आले, हे ठाऊक असले की निवाऱ्याच्या ओट्यावर बसून समोरचा देखावा पाहताना मन आपोआप गंभीर होते. पातेर्नोच्या पोटात युद्धात खोदलेले बोगदे अजून आहेत. पण त्यांतून माथ्याकडे जाणारी वाट लोखंडी दोरांची असून तिच्यासाठी शिरस्त्राण, कंबरपट्टा, विजेरी आणि सराव लागतो. हे नसेल तर तिकडे वळू नये.

परतीसाठी आल्या वाटेने न जाता क्रमांक १०५ ची वाट धरावी. ती आधी बरीच खाली रिएंत्साच्या उगमाकडच्या कुरणात उतरते आणि मग पुन्हा चढून लांगआल्म या गवळवाड्यावरून, कोल दि मेद्झो खिंडीतून, आउरोंझोला परत येते. पूर्ण फेरी सुमारे दहा किलोमीटरची आहे आणि विश्रांती धरून पाच तास हाताशी ठेवावेत. सह्याद्रीत नियमित भटकणाऱ्याला ही वाट शारीरिकदृष्ट्या जड नाही, तरी दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सारी वाट कळसूबाईच्या माथ्यापेक्षा पाचशे मीटर तरी उंचावर असल्याने चढावर दम लवकर लागतो, आणि इथला घसारा चुनखडीच्या सुट्या, धारदार खड्यांचा आहे. घोटा झाकणारे बूट घालावेत. साधे स्पोर्ट शूज इथे पुरेसे नाहीत.

चालणाऱ्यांसाठीचा पर्याय असा: दोब्बियाकोहून बसने सेस्तोवरून फिस्कालिना खोऱ्यात, सुमारे १,४५० मीटरपर्यंत जावे आणि तिथून थेट लोकातेल्ली निवाऱ्यापर्यंत चढावे. चढ जवळपास साडेनऊशे मीटरचा आहे आणि तीन तास लागतात. खोऱ्याच्या तोंडाशी उभे राहिले की नऊ, दहा, अकरा, बारा आणि एक अशा नावांची पाच शिखरे ओळीने दिसतात. खोऱ्यातले लोक कोणत्या शिखरावर सूर्य आला हे पाहून वेळ सांगत, त्यावरून ही नावे पडली. यांतल्या 'एक' या शिखराचा मोठा तुकडा ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळला आणि सारे खोरे धुळीने भरून गेले होते. हे डोंगर अजून घडत आहेत आणि ढासळतही आहेत.

शक्य असल्यास लोकातेल्ली किंवा लावारेदो निवाऱ्यात एक रात्र काढावी. जागा काही महिने आधी राखावी लागते. स्वतःची पातळ झोपपिशवी न्यावी, रोख युरो ठेवावेत, बूट दारातच काढावेत आणि पाणी जपून वापरावे, कारण एवढ्या उंचावर ते खरोखरच दुर्मिळ असते. संध्याकाळी शेवटच्या बसने गर्दी उतरून जाते आणि मावळतीला या फिकट खडकावर आधी केशरी, मग गुलाबी छटा चढते. एका दिवसाच्या सहलीत हे पदरी पडत नाही.

ब्रायेसचे तळे आणि त्यामागचा इतिहास

ब्रायेसचे तळे जवळपास १,५०० मीटरवर आहे आणि छायाचित्रांमुळे ते आता अतिप्रसिद्ध झाले आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दिवसा खासगी मोटारींना तिथे निर्बंध असतात आणि बसलाही आगाऊ नोंदणी लागते. यावर उपाय एकच: पहाटे निघावे. सकाळी आठच्या आत पोहोचलात तर पाणी स्थिर असते आणि समोरच्या क्रोदा देल बेक्को या २,८१० मीटर उंच शिखराचे प्रतिबिंब अखंड दिसते. तळ्याभोवतीची फेरी साडेतीन-चार किलोमीटरची आहे. पश्चिम काठ रुंद आणि सपाट असून बाबागाडीही नेता येते, पूर्व काठावर मात्र कड्याला लागून अरुंद पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी पश्चिम काठानेच जाऊन परत यावे.

काठावरचे जुने हॉटेल १८९९ पासूनचे आहे. एप्रिल १९४५ च्या शेवटच्या दिवसांत नाझी एसएस तुकडीने दाखाऊच्या छळछावणीतून १३९ महत्त्वाच्या कैद्यांना ओलीस म्हणून या खोऱ्यात आणले. त्यांत फ्रान्सचे माजी पंतप्रधान लेऑं ब्लुम, ऑस्ट्रियाचे माजी चॅन्सेलर कुर्ट शुश्निग आणि नाझींना विरोध करणारे धर्मोपदेशक मार्टिन नीम्योलर होते. जवळच्या व्हिलाबास्सा गावात जर्मन सैन्याच्याच विशार्ड फॉन आल्व्हेन्सलेबेन या कॅप्टनने एसएसच्या तावडीतून त्यांची सुटका केली. मग त्यांना या हॉटेलात ठेवण्यात आले आणि मेच्या आरंभी अमेरिकन सैन्य येऊन पोहोचले. नावेत बसून छायाचित्र काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असते. परतीच्या वाटेवर व्हिलाबास्साला उतरून तिथले खोऱ्याच्या पर्यटनाचे छोटे संग्रहालय पाहावे, म्हणजे सकाळचा अर्धा दिवस पुरा होतो.

मालर यांची झोपडी आणि सान कान्दिदोचे चर्च

संगीतकार गुस्ताव मालर १९०८, १९०९ आणि १९१० असे तीन उन्हाळे दोब्बियाकोजवळच्या आल्टश्लुडरबाख या वाडीत राहिले. आदल्या वर्षी त्यांची थोरली मुलगी वारली होती आणि त्यांच्या स्वतःच्या हृदयविकाराचे निदान झाले होते. डोंगर चढणे ज्याला जीव की प्राण, त्या माणसाला डॉक्टरांनी दमवणारे चालणे सोडायला सांगितले होते. शेतघराजवळच्या रानात त्यांनी लाकडी झोपडी बांधून घेतली, आणि 'पृथ्वीचे गीत', नववी सिंफनी आणि अपुरी राहिलेली दहावी यांचे काम या उन्हाळ्यांत झाले. गावातून तिथवर चालत पाऊण तास लागतो. झोपडी आज एका लहानशा वन्यप्राणी उद्यानाच्या आवारात आहे. उघडण्याच्या वेळा गावातल्या पर्यटन कार्यालयातून विचारून निघावे. झोपडी अगदी लहान आहे. एवढ्याशा जागेतून शंभर वाद्यांचे संगीत कसे उमलले असेल, हे तिथे उभे राहून कळणार नाही. म्हणून मुक्काम उन्हाळ्यात असेल तर त्यांच्या नावाने दरवर्षी भरणाऱ्या संगीत सप्ताहातल्या एखाद्या मैफलीचे तिकीट अवश्य काढावे.

त्याच दिवशी दुपारी पूर्वेकडे, द्रावेच्या उगमावरून, सान कान्दिदोला जावे. चालत दीड तास किंवा आगगाडीने काही मिनिटे. बव्हेरियाचा ड्यूक तिसरा तासिलो याने ७६९ मध्ये इथे मठ स्थापला. आज उभे असलेले दगडी रोमनेस्क चर्च बाराव्या-तेराव्या शतकांतले आहे आणि आल्प्सच्या पूर्व भागातल्या या शैलीच्या उत्तम वास्तूंपैकी ते एक आहे. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे, मग वर पाहावे: घुमटात सृष्टीच्या निर्मितीची तेराव्या शतकातली भित्तिचित्रे आहेत. वेदीवर त्याच शतकातला लाकडी क्रूसारोहणाचा शिल्पसमूह आहे. त्यातल्या ख्रिस्ताच्या डोक्यावर राजाचा मुकुट आहे आणि वेदनेपेक्षा त्याच्या मुद्रेवर विजयाची शांती आहे. नंतरच्या काळातले रक्तबंबाळ, वाकलेले क्रूसारोहण पाहिलेल्यांना हा फरक लगेच जाणवेल. दक्षिण दारावरचे भित्तिचित्र मिखाएल पाखर या पंधराव्या शतकातल्या टायरॉलच्या थोर चित्रकाराचे आहे. आत शिरताना टोपी काढावी, खांदे झाकावेत आणि प्रार्थना चालू असेल तर फिरू नये.

शेवटचा दिवस: लान्द्रो खोरे किंवा सायकल

पायांत बळ उरले असेल तर प्रातो पियात्साचे पठार निवडावे. बसने सुमारे दोन हजार मीटरपर्यंत जाता येते. पुढे ऑस्ट्रियन किल्ल्याच्या अवशेषांवरून मोन्ते स्पेचिए या २,३०७ मीटरच्या सोप्या माथ्यावर दीड तासात पोहोचता येते. तिथून त्रे चिमे, क्रिस्ताल्लो आणि खालचे लान्द्रो खोरे एका नजरेत मावते आणि गर्दी मात्र त्रे चिमेच्या मानाने फारच कमी. माझ्या मते सबंध प्रदेशातले कष्टाच्या मानाने सर्वाधिक देणारे ठिकाण हेच आहे. उतरताना लान्द्रोकडे येऊन दोब्बियाकोची बस धरावी आणि वाटेत पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या रस्त्याकडेच्या दफनभूमीत थांबावे. झाडांच्या सावलीतल्या त्या क्रूसांखाली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातले अनेक भाषांचे जवान विसावले आहेत.

विसाव्याचा दिवस हवा असेल तर सायकल भाड्याने घ्यावी. सान कान्दिदोहून ऑस्ट्रियातल्या लिएन्झपर्यंतचा द्रावाकाठचा सायकलमार्ग सुमारे ४४ किलोमीटरचा असून तो बहुतांशी उताराचा आहे. परत येताना आगगाडी घ्यावी. सायकल लिएन्झलाच परत देता येते का, हे दुकानात आधी विचारावे, कारण दुपारच्या गाड्यांत सायकलींची फार दाटी होते. सीमा ओलांडायची असल्याने पासपोर्ट जवळ ठेवावा. आपल्याकडच्या दुकानांत मिळणाऱ्या लोआकर वेफर्सचा ऑस्ट्रियातला कारखाना याच मार्गावर आहे आणि मुलांबरोबर जाणाऱ्यांना तिथला थांबा टाळता येणार नाही. दुसरा मार्ग दोब्बियाकोहून कोर्तिनाकडे जातो. १९६४ मध्ये बंद झालेल्या जुन्या डोंगरी रेल्वेच्या पट्ट्यावरून तो चिमाबांके खिंड ओलांडतो, त्यामुळे चढ सौम्य आहे.

शाकाहारी माणसाने काय खावे

इथले जेवण टायरॉलचे आहे. पिझ्झा-पास्ता मिळतो, पण खरी चव खोऱ्याच्या पदार्थांत आहे. श्लुत्सक्राप्फेन अवश्य मागवावे. राय आणि गव्हाच्या पिठाची पातळ पारी, आत पालक व ताजे चीज, करंजीसारखा अर्धगोल आकार, उकडून वर तांबूस केलेले लोणी, किसलेले चीज आणि कांद्याच्या पातीसारखी चिरलेली पात, असा तो पदार्थ असतो. तीर्तलान म्हणजे पालक किंवा आंबवलेल्या कोबीचे सारण भरून तळलेली मोठी पुरी. ती गरम असतानाच खावी. पालकाचे क्नोडेल, म्हणजे शिळ्या पावाचे गोळे, चांगले असतात, मात्र त्यांत अंडे असते, आणि सूपमधून दिलेले क्नोडेल जवळपास नेहमी मांसाच्या रश्शात असतात. श्पेक नावाचे धुरावलेले डुकराचे मांस बारीक तुकड्यांत कुठेही टाकलेले असू शकते, म्हणून मागवण्यापूर्वी 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा श्पेक' असे स्पष्ट सांगावे. प्राण्यांपासूनचे विरजण न चालणाऱ्यांनी ग्राना पादानो आणि पार्मेजान ही चीजे टाळावीत, कारण ती वासराच्या जठरातल्या विरजणानेच बनतात. हॉटेलात रात्रीचे जेवण धरून दर घेतला असेल तर आरक्षणाच्या वेळीच शाकाहाराची कल्पना द्यावी; ऐन वेळी सांगितले तर उकडलेल्या भाज्यांवर भागवावे लागते. गावातल्या सहकारी दुग्धालयात चीज बनताना काचेआडून पाहता येते, आणि ते पावसाच्या दिवसासाठी उत्तम ठिकाण आहे.

डोंगरातले काही नियम

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजांची वादळे येतात. सकाळी सातला निघून दोनपर्यंत उंच धारेवरून उतरलेले असावे, हा इथला अलिखित नियम आहे. ढग गडगडू लागले तर लोखंडी दोर, एकाकी झाड आणि माथा यांपासून दूर जावे. वाटांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा आणि क्रमांक असतात. पाट्यांवर लिहिलेला वेळ न थांबता चालणाऱ्याचा असतो, त्यात तिसरा हिस्सा आपण मिळवावा. आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे. फोन लागत नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिटी किंवा विजेरीचा इशारा द्यावा, एक मिनिट थांबावे आणि पुन्हा द्यावा. मिनिटाला तीन इशारे परत आले, म्हणजे आपली हाक पोहोचली असे समजावे.

कुरणात गाई चरत असल्या तर वासरांच्या जवळ जाऊ नये आणि फाटक उघडले तर मागे बंद करावे. कचरा, संत्र्याच्या सालीसुद्धा, खाली घेऊन यावा. निसर्गउद्यानांच्या हद्दीत फुले तोडणे, तंबू ठोकणे आणि ड्रोन उडवणे यांना मनाई आहे, आणि उद्यानाचे रक्षक तपासणीही करतात. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचा अंदाज, बसची नोंदणी आणि निवाऱ्यातली जागा या तिन्ही गोष्टी पुन्हा एकदा तपासून घ्याव्यात. अंदाज बिघडला असेल तर त्रे चिमेचा दिवस पुढे ढकलून सान कान्दिदोचे चर्च, ग्रँड हॉटेलचे माहितीकेंद्र आणि दुग्धालय अलीकडे घ्यावे.